घास अडतो तो नेमका कुठे?

माझी भाची दादरला राहते. तिची अकरावीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात मी तिच्या घरी गेले, तर ही पोरगी स्वेटर घालून बसलेली. मुंबईचा मे. पंख्याखाली बसूनही आमच्या पाठीला घामाच्या धारा. मी तिचा हात हातात घेतला, तर बोटं गार आणि नखं निळसर. "मावशी, मला हल्ली थंडीच वाजते," असं म्हणून तिने हात काढून घेतला.

त्याआधी सहा-सात महिने त्या घरात एकच वाक्य ऐकू येत होतं, "जेवण जात नाही." दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, वर दाटून येतं. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, आलं-लिंबू झालं. आजीने मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग घशातून दुर्बीण घातली. सगळं नॉर्मल. इकडे कपडे अंगावर लोंबायला लागले होते आणि पाळी चार महिने आली नव्हती. (वजनाचे आकडे मी या लेखात मुद्दाम देणार नाही. पुढे तिला ॲनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत जाण्याचा आजार, निघाला; तो असलेली मुलं-मुली अशा आकड्यांशी स्पर्धा करतात, हे मी जवळून पाहिलंय.)

शेवटी एका मोठ्या रुग्णालयात कुणीतरी मानसोपचार विभागात पाठवलं. तिथे तिला विचारलं, "जाड होण्याची भीती वाटते का?" ती म्हणाली, "नाही." "आरशात स्वतःला जाड दिसतेस का?" "नाही. मी बारीक झालेय, मला दिसतंय की." झालं! ॲनोरेक्सिया नाही असं सांगून टॉनिक लिहून दिलं. पुढचे तीन महिने त्या टॉनिकवर गेले. त्या तीन महिन्यांचा मला अजून राग येतो. नंतर या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की ती खोटं बोलत नव्हती, प्रश्नच अपुरा होता. ज्यांच्या घरात असं वाक्य ऐकू येतंय त्यांच्यासाठी मला समजलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात नावापासून करू, कारण घोळ तिथूनच आहे. ग्रीक भाषेत 'ओरेक्सिस' म्हणजे भूक, इच्छा. ती नाही म्हणजे ॲनोरेक्सिया. आपण 'अन्नावरची वासना उडाली' म्हणतो तसंच. पण ज्याला डॉक्टर 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात त्या आजारात भूक बहुतेकदा उडालेली नसते, निदान सुरुवातीला तरी नाही. भूक लागते, कडकडून लागते, आणि तिला दाबून धरणं हेच त्या मुलीचं दिवसभराचं काम होऊन बसतं.

हा आजार पहिल्यांदा नीट नोंदला गेला तो १८७३ च्या सुमारास, लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांकडून, जवळजवळ एकाच वेळी आणि स्वतंत्रपणे. गलने मूळ मनाच्या बिघडलेल्या अवस्थेत आहे असं लिहिलं. लासेगच्या रुग्ण मुलींची तक्रार वाचून तर मी थबकलेच. खाल्ल्यावर पोटात त्रास होतो म्हणून खात नाही, आणि बाकी मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे! आमच्या घरातलंच वाक्य, दीडशे वर्षांपूर्वी, पॅरिसमध्ये. जाड होण्याच्या भीतीचा उल्लेख या दोघांच्याही लिखाणात नाही. ती भीती आजाराच्या व्याख्येच्या मधोमध आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६२ साली हिल्डे ब्रुख यांनी स्वतःच्या शरीराचं चित्रच मनात चुकीचं उमटतं असं मांडलं. १९७० साली जेराल्ड रसेल यांनी जाड होण्याची विकृत भीती हा निदानाचा कणा मानला. युरोप-अमेरिकेत तेव्हा सडपातळ असणं म्हणजे सुंदर, शिस्तीचं, यशस्वी असणं असं ठरत चाललं होतं. मुली जे कारण सांगत होत्या ते त्या काळाचं होतं. पुस्तकांनी ते कारण म्हणजेच आजार असं लिहून टाकलं.

मग हाँगकाँगमध्ये सिंग ली नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांना वेगळंच दिसू लागलं. १९९३ साली त्यांनी ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक जणींना जाड होण्याची भीती नव्हतीच. त्या सांगत होत्या, पोट फुगतं, भूकच नाही, खावंसं वाटत नाही. उपासमार तीच, हट्ट तोच, शरीराची दुर्दशा तीच. १९९५ साली दिल्लीतल्या तज्ज्ञांनीही अशाच पाच तरुण रुग्णांबद्दल लिहिलं. जेवायला नकार, उलट्या, खूप घटलेलं वजन, थांबलेली पाळी. पण आपण जाड आहोत असा भ्रम नाही.

याची दुसरी बाजूही आहे. फिजी बेटांच्या एका भागात टीव्ही आला १९९५ साली. त्या समाजात भरदार अंग चांगलं मानलं जायचं, पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची रीत. अगदी आपल्यासारखीच. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींशी बोलून पाहिलं. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, आता शेकडा ११ च्या आसपास होत्या. म्हणजे बाहेरून आलेलं चित्र आजाराला नवं कारण पुरवू शकतं, हे खरं. पण टीव्ही पाहणाऱ्या सगळ्याच मुली आजारी पडत नाहीत, आणि टीव्ही नसलेल्या काळातही मुली उपाशी राहून मेल्याच. चौदाव्या शतकातली इटलीची संत कॅथरीन ऑफ सिएना अन्न टाकत टाकत १३८० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेली. तिला आजचं नाव चिकटवावं का यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि मला तो वाद योग्य वाटतो. तिला अन्न टाकण्यात देव दिसत होता.

आणि इथे आपल्या घरातला अवघड प्रश्न येतो. उपवास.

भाचीने संकष्टीपासून सुरुवात केली होती. मग सोमवार. मग गुरुवार. मग एकादशी. घरात कुणाला खटकलं नाही, उलट कौतुकच झालं. "एवढीशी पोर, पण किती करते देवाचं!" हे मीसुद्धा म्हटलंय. व्रतवैकल्यांना दोष द्यायचा नाही मला. माझ्या आईने आयुष्यभर उपास केले आणि ती पंच्याऐंशीव्या वर्षी खणखणीत आहे. पण व्रत आणि आजार यांतला फरक आपल्याच भाषेत किती स्वच्छ सांगितलेला आहे बघा. उपास *सुटतो*. त्याला पारणं असतं. संकष्टीला कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. घरातली पोरं गच्चीवर चंद्र शोधायला पळतात आणि मग गरम वरण-भात, तूप, मोदक. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही आली. आपल्या उपासाच्या पोटातच खाणं आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी. भाचीच्या संकष्टीला चंद्र उगवायचा, पण ती तोवर झोपलेली असायची. खिचडीत दाण्याचं कूट नको, तूप नको, मग खिचडीच नको, नुसतं ताक. आणि दुसऱ्या दिवशी कालचा उपास बाधला म्हणून भूक नाही. पारणं नसलेला उपास ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी आम्हाला कळायला हवं होतं.

अन्न नाकारण्याचे आणखीही अर्थ आपल्याला चांगले ठाऊक आहेत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं. त्या उपोषणाला मागणी होती, ऐकणारा समाज होता, आणि मागणी मान्य होताच ते थांबणार होतं. घरात रुसून ताट सारणाऱ्या मुलीचंही तसंच. "अन्नावर राग काढू नये" असं आपण तिला दटावतो, कारण तिचा राग अन्नावर नाही हे आपल्याला कळत असतं. घरात ज्याच्या शब्दाला वजन नाही, त्याच्या हातात शेवटी स्वतःचा घास तेवढा उरतो. हिल्डे ब्रुख यांचं म्हणणं थोडंफार हेच होतं. बाहेरून आज्ञाधारक, हुशार, कुणाला त्रास न देणारी मुलगी. तिचं असं काहीच तिच्या हातात नाही. मग निदान हे तरी. भाचीच्या बाबतीत मला ते पटतं. शाखा कुणी ठरवली, क्लास कुणी ठरवला, नाच कुणी बंद केला, हे सगळं मला माहीत आहे. पण हा अर्थ सगळ्यांना सरसकट लावला तर तो अन्याय होतो, विशेषतः आयांवर. रुसवा समजूत काढली की जातो. हा आजार समजूत काढून जात नाही. का जात नाही, याचं उत्तर शरीरात आहे, आणि मला स्वतःला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

१९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने तयार झाले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं हे शिकायचं होतं. वजन साधारण पाव हिश्शाने घटलं. पण मनाचं जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली. एकेका घासाचे बारीक तुकडे करून तासभर जेवत बसू लागली. उन्हाळ्यात गारठू लागली, चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, उदास झाली. यांतल्या एकालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. बारीक व्हायची हौस नव्हती. आई वाईट नव्हती.

हे वाचलं आणि मला मे महिन्यातला तो स्वेटर आठवला. दिवाळीत सगळ्या घरासाठी करंज्या करून एकही न खाणारी भाची आठवली. रात्री दोन वाजता मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ बघणारी. आम्ही तिचा 'स्वभाव बदलला' म्हणत होतो. स्वभाव कुठला, ती उपासमार बोलत होती.

आणि ते गच्च होणारं पोट? तेही खरंच होतं. दीर्घ काळ कमी खाल्लं की जठर मंदावतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, चार घासांतही तट्ट वाटतं. म्हणजे न खाण्याने पोट बिघडतं, आणि बिघडलेलं पोट न खाण्याचं कारण होतं. दुर्बिणीतून यातलं काही दिसत नाही. म्हणून "तुला काही झालेलं नाही, नाटकं करू नकोस" हे वाक्य डॉक्टरने म्हणो की काकाने, ते चूकच असतं. आपल्या जुन्या वैद्यांनी शरीर आणि मन असे दोन वेगळे कप्पे केले नव्हते. चरकसंहितेत अरोचकाची, म्हणजे अन्न नकोसं होण्याची, कारणं सांगताना वात-पित्त-कफाच्या शेजारीच शोक, भय, अतिलोभ, क्रोध आणि मनाला नकोसं वाटणारं अन्न अशी यादी येते. ॲनोरेक्सिया चरकाला माहीत होता असा दावा मी करत नाही. घास अडण्याची कारणं एकाच ओळीत मांडायची ही रीत तेवढी मला आवडते.

मग सगळेच उपास करणारे, डाएट करणारे यात का अडकत नाहीत? इथे जन्मजात भाग येतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा दिसतो. २०१९ साली जवळपास १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात मनाच्या आजारांशी नातं तर दिसलंच, पण शरीरातल्या चयापचयाशीही दिसलं. आपल्यासारख्या बहुतेकांना भूक लागली की बेचैनी येते आणि खाल्ल्यावर निवांत वाटतं. काहींचं उलटं असतं. न खाल्ल्यावर मन शांत होतं, खाल्ल्यावर काहूर माजतं. त्यात स्वभाव काटेकोर, पहिला नंबर सोडायचा नाही असा असला, की एखादं साधं निमित्त पुरतं. परीक्षा, कावीळ, कुणाचं बोलणं, एखादा उपास. (घशात अडकेल, उलटी होईल या भीतीने किंवा ठरावीक चवी-वास सहनच होत नाहीत म्हणून खाणं टाळणारी मुलं ही वेगळी. २०१३ पासून त्यांच्यासाठी वेगळं निदान आहे. वरण-भाताशिवाय कशालाही न शिवणाऱ्या, वाढ खुंटलेल्या मुलाला हट्टी म्हणण्याआधी तेही विचारून घ्यावं.)

त्याच २०१३ च्या अमेरिकी निदानसूचीत ॲनोरेक्सियाची व्याख्याही सैल झाली. जाड होण्याची भीती असली पाहिजे, *किंवा* वजन वाढू न देणारं वागणं सातत्याने दिसलं पाहिजे. पाळी थांबण्याची अटही गेली. म्हणजे मुलगाही यात बसतो. भाचीला टॉनिक देऊन पाठवलं तेव्हा ही सुधारणा होऊन कित्येक वर्षं झाली होती.

तिचं निदान झालं ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे. त्यांनी भीतीचं विचारलंच नाही. विचारलं, "समज, आत्ता तू पोटभर जेवलीस. मग काय होईल असं वाटतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मला थांबताच येणार नाही. मग सगळंच सुटेल हातातून." तिची आई शेजारच्या खुर्चीत होती. इतक्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदा ऐकलं.

मुंबईच्या घरांत हा आजार लपतो कसा, याचंही मला नवल वाटायचं. चारशे चौरस फुटांत पाच माणसं. लपायला जागा कुठे? पण जागेपेक्षा वेळ पाहा. बाबा सातला निघतात, आई ठाण्याच्या गाडीला लटकून साडेआठला परत, मुलगी कॉलेजातून परस्पर क्लासला. सगळे एकत्र ताटावर बसतात ते रविवारी. डबा रिकामा परत येतो, तो कुणी रिकामा केला हे कुणी विचारत नाही. त्यात लेडीज डब्यात, क्लासच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत "अय्या, किती बारीक झालीस, काय करतेस?" असं कौतुक. घरी आलं की आजी म्हणते, "अंगावर मूठभर मांस नाही." एकाच दिवसात दोन उलट निकाल, आणि दोन्ही तिच्या शरीराविषयी.

उपचारांचं थोडक्यात सांगते. गलने लिहून ठेवलं होतं की अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत वाईट. शंभरेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात नेमकं उलटं करून पाहिलं. आईवडिलांनाच जेवू घालण्याची सूत्रं दिली, आणि अल्पवयीन मुलांमध्ये आज हीच पद्धत सर्वांत भक्कम मानली जाते. कोण चुकलं हा प्रश्न बाजूला ठेवायचा. ताट मोठ्यांनी वाढायचं, शेजारी बसायचं, वाद घालायचा नाही, उठायचं नाही. औषध म्हणजे अन्न. मात्र फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदय डगमगतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची. चक्कर येऊन पडणं, जागेपणी नाडी ५० च्या खाली असणं, पाणीही नको म्हणणं, जगावंसं वाटत नाही असं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मनाच्या आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत हा आजार आहे, आणि त्यातले बरेच मृत्यू आत्महत्येने होतात. केईएम, नायर, सायन इथे मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सरकारची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते.

आमच्याकडे आईने बिनपगारी रजा घेतली, दुपारचं जेवण आजीकडे, शनिवार-रविवार मी. एका पोळीला पन्नास मिनिटं लागायची. ती रडायची, ओरडायची, मला घालूनपाडून बोलायची. मी म्हणायचे, "हो गं. पण हा घास घे." पाळी परत यायला अकरा महिने लागले.

या जानेवारीत हळदीकुंकवाला शेजारच्या काकू तिच्या गालाला हात लावून मायेने म्हणाल्या, "आता कशी छान भरलीस गं!" भाचीचा चेहरा उतरला. हातातला तिळाचा लाडू तिने तसाच बशीत ठेवला. रात्री सगळ्या गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "पोट गच्च झालंय. आणि काकूंचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये."

आई म्हणाली, "बरं. बस इथे. दूध गरम करते, मग सांग काय काय येतंय डोक्यात."